सरकीच्या लोण्याचा उपाध्यक्ष

हुल्डा ब्रेक्के जत्रेपुरती बर्फात राहायची आणि उरलेलं साल सुनेच्या घरात. जास्त गारठा कुठं लागतो, असं कुणी विचारलंच, तर ती सुनेच्या देखत उत्तर द्यायची.

आमच्या काउंटीची जत्रा मका काढायच्या तोंडावर, सप्टेंबर सरता सरता भरते. गुरांचं प्रदर्शन, डुकरांची पळापळ, बायकांचे मुरांबे, चर्चच्या तंबूतली कॉफी, आणि या सगळ्याच्या मधोमध दूधसंघाची काचेची गारखोली. तिच्यात दरसाल लोण्याची गाय उभी राहते. खरी गाय केवढी, तर तेवढीच. आत लाकडाचा सांगाडा, सांगाड्यावर खुराड्याची जाळी आणि जाळीवर घमेल्या-घमेल्यानं थापलेलं लोणी. ही गाय हुल्डाच्या हातची. मेलेल्या नवऱ्याचा लोकरी कोट अंगात, डोक्याला घट्ट रुमाल, बाह्या कोपरापर्यंत सारलेल्या, अशी ती आत राबायची आणि बाहेर घामानं निथळणारी माणसं काचेला नाक लावून बघत राहायची. काचेवर निळ्या रंगात तिचं नाव होतं. नवरा गेल्यावर शेत मुलाच्या नावावर झालं, स्वयंपाकघर सुनेच्या ताब्यात गेलं, चर्चमधल्या बाकड्यावरसुद्धा सुनेनं आपली उशी टाकली. म्हातारीचं नाव असलेली एवढी एक काच उरली होती.

हे काम ती कुणाकडं शिकून आली नव्हती. लग्नाआधी दूधसंघात घुसळणीची पिंपं धुवायला होती. एका हिवाळ्यात बर्फानं रस्ते बंद झाले, लोण्याच्या गाड्या अडकल्या, आणि बसून कंटाळलेल्या हुल्डानं पिंपभर लोण्याचं वासरू केलं. मॅनेजर आधी ओरडला, मग त्यानंच ते वासरू खिडकीत मांडलं. तिथून पुढं तिची सुटका झाली नाही. कुणी कलाकार म्हटलेलं मात्र तिला खपायचं नाही.

"कलाकार शहरात असत्यात," ती म्हणायची. "ते गायीला हसवत्यात. माझी गाय हसत न्हाई. तिला हसण्यासारखं काय घडलंय?"

अलीकडं एकच खोट निघाली होती. बोटांचे सांधे सुजून आल्याच्या गड्ड्यासारखे झाले होते. गायीचं त्यामुळं फारसं अडत नव्हतं. गाय तळहातानं होते. पाठ, पोट, मांड्या, सगळं थापायचं आणि पुसायचं. बोटं लागतात ती कानांना आणि आचळांना. तेवढं ती दातओठ खाऊन उरकायची आणि कुणाला बोलायची नाही. बोललं, की काचेवरचं नाव खरवडायला रंगारी हजर.

त्या साली ऑगस्टात आक्रीत घडलं. आमच्या काउंटीचा ओरिन हाउगन देशाच्या उपाध्यक्षपदाला उभा राहिला. ओढ्यापलीकडच्या हाउगनांचा हा मुलगा, सिनेटर होऊन राजधानीत गेलेला. अध्यक्षपदाच्या उमेदवाराला दूधदुभत्याच्या राज्यांतली मतं पाहिजे होती, म्हणून त्यानं जोडीदार म्हणून ओरिनला उचललं. काउंटीला हर्षवायू व्हायची पाळी आली. बँकेच्या दारावर ओरिनचा फोटो, चर्चच्या दारावर ओरिनचा फोटो, आणि जत्रेत पहिल्या नंबरासाठी आणलेल्या वळूचं नाव ओरिन.

जत्रा कमिटीचा आणि दूधसंघाचा चेअरमन एकच, लार्स हेग्लंड. तो टोपी हातात घेऊन हुल्डाकडं आला.

"हुल्डाकाकू, यंदा गाय नगं. ओरिन पायजे."

"ओरिनला आचळं किती?"

"आँ?"

"मला आचळं करायची सवय हाय. माणसाचं तोंड मी आजवर केलं न्हाई."

"करून बघा की. दोन डोळं, एक नाक. गायीपरास सामान कमीच."

"आन् न्हाई जमलं तर?"

लार्सनं टोपी हातातल्या हातात फिरवली. "शेजारच्या काउंटीत एक कारागीर हाय म्हणं. साच्यातनं पुतळं काढतोय. त्याचं म्हणणं, गारखोली कायमची माझ्या हवाली करा, दरसाल नवा पुतळा देतो."

हुल्डाला कळायचं ते कळलं. घासाघीस होऊन शेवटी तोड निघाली: ओरिन तिपाईवर बसून गायीची धार काढतोय. गायही राहिली आणि ओरिनही आला.

गाय झाली. ओरिनचं धड झालं, पाय झाले, तिपाई झाली. तोंडापाशी घोडं अडलं. गारखोलीत लोणी दगडासारखं, आणि बाहेर आणलं तर ओघळ. तिनं नाक बसवलं, ते पडलं. पुन्हा बसवलं, पुन्हा पडलं. कान तर हातातच तुटून आला. शेवटी तिनं डोक्याचा गोळाच उतरवून ठेवला. बोटं अशी ठणकायला लागली, की तिनं ती काखेत दाबून धरली आणि तिपाईवरच्या बिनडोक्याच्या ओरिनशेजारी बसून राहिली.

तिची नणंद रॅग्ना कॉफी घेऊन आली होती. तिनं खाली पडलेलं नाक उचललं.

"वैनी, सगळ्या देशात नाक वर करून हिंडणारा माणूस, आन् तुझ्याच्यानं त्याचं नाक ऱ्हाईना व्हय?"

"थट्टा नगं गं. खोली जायची पाळी आली."

रॅग्नानं मागंपुढं बघितलं. "एक वस्तू हाय माझ्याकडं. गारठ्यातबी मऊ ऱ्हातीय. पण तोंड उघडायचं न्हाई."

हुल्डा समजली आणि तिनं आधी दाराला कडी घातली.

आमच्या राज्यात त्या काळी पिवळ्या मार्जरीनला बंदी. मार्जरीन म्हणजे सरकीच्या तेलाचं, यंत्रात गोठवलेलं लोणी. गायीनं त्याच्याकडं बघून कधी शेपूटही हलवलेलं नसतं. आमची माणसं त्याला सरकीलोणी म्हणायची आणि म्हणून झाल्यावर थुंकायची. सरकीलोणी खाणारा स्वतःच्या गोठ्याला काडी लावतो, असं दूधसंघाच्या दारावर हातभर अक्षरांत लिहिलं होतं. ज्याच्या घरी ते सापडेल, त्याचं दूध संघ घेत नसे. पण राज्याची शीव ओलांडली, की पहिल्याच पेट्रोल पंपावर ते अर्ध्या किमतीत मिळायचं. रॅग्नाला अधूनमधून शिवेपलीकडच्या दातांच्या डॉक्टरकडं जावं लागायचं. तिच्या तोंडात खरे दात चारच उरले होते. येताना गाडीत कपड्यांच्या खळीची खोकी असायची, आणि त्या खोक्यांत खळ नसायची.

"तू हे खातीस?" हुल्डानं विचारलं.

"खाती कुठं? केकात घालती."

"आन् केक कोण खातं?"

"पाद्री."

हुल्डानं बोट लावून बघितलं. रंग लोण्यासारखाच पिवळा, पण लोण्याचा हट्टीपणा नाही. दाबलं तिथं दबलं, ओढलं तिकडं आलं. दुखऱ्या बोटांना इतकं सोपं काम कित्येक सालांत मिळालं नव्हतं. तिला शरम वाटली. पण नाक बसलं. मग कान बसले, पापण्या बसल्या, ओरिनच्या हनुवटीतला खड्डासुद्धा बसला. कॉलरच्या खाली गाय आणि कॉलरच्या वर सरकी, असा उपाध्यक्ष तयार झाला.

जत्रा उघडली आणि काचेसमोर रीघ लागली.

"आता शिंकंल बघ," माणसं म्हणायला लागली. लार्सनं टोपी काढली आणि काढून धरली. शेजारच्या काउंटीचा कारागीरही येऊन बघून गेला.

हुल्डाला घोर होता तो शेवटच्या दिवसाचा. त्या दिवशी पुतळा मोडायचा, लोणी कढईत वितळवायचं, उकडलेली मक्याची कणसं त्यात बुडवायची आणि अख्ख्या काउंटीनं खायची, अशी आमची रीत. डोकं पहिल्या कढईत जातं, आणि पहिली कढई मानकऱ्यांची. त्याच्याही आधी पाहुण्यानं डोक्याचा डावा कान तोडून आपल्या कणसाला फासायचा. आजवर तो कान गायीचा असायचा. यंदाही गायीचंच डोकं पुढं करायचं आणि ओरिनचं मुंडकं शेवटच्या कढईत, पोटं टम्म झालेल्यांसाठी ढकलायचं, असं तिनं मनाशी योजलं होतं. भरल्या पोटाला चव कुठली?

पण जत्रा पुरती रंगली नव्हती तोवर दूधसंघाच्या तंबूत टेलिव्हिजन लागला. ओरिनची बायको एव्हलिन बायकांच्या कार्यक्रमात नवऱ्याची न्याहारी करून दाखवणार होती, म्हणून तंबू खच्चून भरला. एव्हलिननं अंडी फोडली, पाव भाजला, फ्रिज उघडला आणि मार्जरीनची वडी बाहेर काढली.

"लोणी नाही लावत?" कार्यक्रमातल्या बाईनं विचारलं.

"लोणी बंद केलंय ना त्यांना," एव्हलिन हसून म्हणाली. "मागच्या हिवाळ्यात हृदयाचा झटका आला, तेव्हापासून डॉक्टरांनी हेच खायला सांगितलंय."

एका दमात नवऱ्याचं काळीज आणि नवऱ्याचं ताट, दोन्ही चव्हाट्यावर.

देशभर बोंब झाली ती झटक्यावरून. अध्यक्षपदाच्या उमेदवाराला त्याचा पत्ताच नव्हता. उद्या हा माणूस गादीवर बसला आणि पडला तर, असं पेपरवाले विचारायला लागले. आमच्याकडं झटक्याचं कुणाला काही वाटलं नाही.

"काळजाचं काय, कवातरी प्रत्येकाचंच बंद पडतंय," लार्स म्हणाला. "पण सरकीलोणी?"

वळूचं नाव त्याच दिवशी बदललं. बँकेनं फोटो उतरवला. मतदान दारात आलेलं असताना पार्टीनं ओरिनला बाजूला केलं, आणि सगळीकडं पाट्यांवरच्या त्याच्या नावावर कोऱ्या पट्ट्या चिकटवल्या गेल्या. कारण पट्टीवर कुणाचं नाव लिहायचं, ते अजून ठरलं नव्हतं. मग माणसं गारखोलीसमोर जमली.

"मुंडकं उतरवा त्याचं!"

"डुकरांम्होरं टाका!"

हुल्डाच्या जिवात जीव आला. "टाका की," ती आतून म्हणाली. "आत्ताच टाका. घमेलं देऊ?"

"आवो काकू, संघाचं लोणी हाय त्ये!" लार्स कळवळला. "चांगलं चार घमेली असंल त्या मुंडक्यात. लोण्यानं काय पाप केलंय?"

तेवढ्यात एमिल डालेन पुढं आला. हा काउंटीतला लोण्याचा पारखी. लोणी जिभेवर घेऊन गाय कुठल्या अंगाला चरली होती ते सांगणारा. चव बघायची पोलादी नळी त्याच्या खिशात कायम. लोण्यात खुपसायची, फिरवायची, काढायची. त्यानं नळी बाहेर काढली.

"खवट तर झालं न्हाई ना, बघतो," म्हणत तो दाराकडं वळला.

हुल्डा दारात आडवी झाली. "एमिल, ह्या खोलीत माझ्याबिगर कुणाचा हात लोण्याला लागलेला न्हाई. माझा नवरा जिता हुता, तवा त्योबी दाराबाहेर उभा ऱ्हायचा."

"मी पारखी हाय."

"मग पारख की. लांबनं."

माणसं हसली. एमिलनं नळी खिशात घातली, पण डोळे मुंडक्यावरच ठेवले.

दुसऱ्या दिवशी शहरातून पार्टीचा माणूस आला, केंडल नावाचा. गळ्यात टाय, बुटाला शेण.

"बाई, नवा उमेदवार जाहीर झालाय. गव्हर्नर क्लेबर्न टिडवेल. जत्रेच्या शेवटच्या दिवशी ते स्वतः इथं येतायत. तोपर्यंत हे डोकं त्यांचं व्हायला हवं."

"आन् धड?"

"धड राहू द्या. मतदार धडाकडं बघत नाहीत."

"ओरिन चांगला ताडमाड हाय. ह्यो केवढा?"

केंडलनं हातातले कागद खालीवर केले. "नक्की कल्पना नाही. काल दुपारपर्यंत आम्ही त्यांचं नावसुद्धा ऐकलं नव्हतं."

त्यानं एक फोटो दिला. समोरून काढलेला. गालांत बुडालेली हनुवटी आणि सुपाएवढे कान.

"मागनं टक्कल हाय का?"

"मागून त्यांना आमच्यापैकी कुणीच पाहिलेलं नाही."

"कुठला म्हणायचा ह्यो?" लार्सनं मध्येच विचारलं.

"दक्षिणेचा. कापसाच्या मुलखातला."

"कापूस? म्हंजे सरकी!"

"म्हणूनच तर," केंडल म्हणाला, "ते इथं येणार, सगळ्यांच्या देखत गायीचं लोणी खाणार, आणि तो फोटो देशभर छापून येणार. ओरिनचा डाग तिथल्या तिथं धुऊन निघेल."

हुल्डानं आतून काचेवर पडदा ओढून घेतला आणि विचार केला. जुनं मुंडकं उतरवलं, तर ते लार्सच्या घमेल्यात जाणार, आणि घमेल्यात एमिलची नळी जाणार. म्हणजे ओरिन उतरवायचा नाही. त्याच्यावरच टिडवेल चढवायचा. पण त्या सुपाएवढ्या कानांना माल पाहिजे होता, आणि मालासाठी रॅग्नाला शिवेपलीकडं जावं लागणार होतं.

"वैनी, आता दुखायला माझ्या तोंडात काय उरलंच न्हाई," रॅग्ना म्हणाली.

"कवळी टोचतीय म्हण."

रॅग्ना गेली, खळीची खोकी घेऊन आली, आणि हुल्डानं ओरिनच्या हनुवटीचा खड्डा बुजवला. गाल फुगवले, नाकावर मांस चढवलं, छोट्या कानांवर मोठे कान बसवले. मागचं काहीच ठाऊक नव्हतं, म्हणून डोक्यावर शेतकऱ्याची रुंद टोपी थापली. बाहेरून टिडवेल, आतून ओरिन, आणि मिळून सगळी सरकी.

शेवटच्या दिवशी सकाळपासून कढया तापत होत्या. टिडवेल मोटारीतून उतरला तो एवढासा, गोल, तांबडाबुंद. काचेसमोर उभा राहून त्यानं लोण्याच्या स्वतःकडं बराच वेळ बघितलं.

"धड आधीच्या माणसाचं आहे, साहेब," केंडल त्याच्या कानाशी लागला.

"असू द्या," टिडवेल म्हणाला. "आयुष्यात पहिल्यांदा तिपाईवर बसून माझे पाय जमिनीला टेकलेत."

माणूस वाईट नव्हता. हुल्डानं लाकडी उलथणं पुढं केलं आणि त्याला गायीकडं वळवायला बघितलं.

"पाव्हणं, रीत अशी हाय, की मानकऱ्यानं गायीचा डावा कान घ्यायचा."

"गायीचा नको, गायीचा नको!" केंडल धावला. "साहेब, स्वतःचा कान तोडा! फोटोवाले, इकडं!"

टिडवेलनं हौसेनं स्वतःचा कान धरला आणि ओढला. कान सुटून आला. त्याच्याखाली ओरिनचा छोटा कान दिसायला लागला, तो हुल्डानं पुढं होऊन रुमालानं झाकला. बाकी मुंडकं दोन गड्यांनी उचलून पहिल्या कढईत घातलं. टिडवेलनं कान कणसाला फासला, तोंडापुढं ध्वनिक्षेपक घेतला आणि मोठा घास मारला.

"वाहवा!" जत्राभर आवाज घुमला. "अगदी घरची चव! माझी आई पावाला लावून द्यायची, ती हीच! देवाशपथ सांगतो, तुमच्या आणि आमच्या लोण्यात तिळाचा फरक नाही!"

वाजायला निघालेल्या टाळ्या हवेतच थांबल्या. टिडवेलच्या मुलखात गाय औषधालाही नाही, हे आमच्याकडं शेंबडं पोरही जाणून होतं.

लार्सनं मान वळवली. "एमिल," तो म्हणाला, "बघ जरा."

एमिलनं पहिल्या कढईत कणीस बुडवलं. हुल्डा नवऱ्याच्या कोटात उभी होती. उन्हातही तिनं तो काढला नव्हता. गारखोलीत गाय आणि बिनमुंडक्याचं धड उरलं होतं, आणि कढया मागच्या अंगाला होत्या म्हणून काचेवरचं निळं नाव तिला उलटं दिसत होतं. सुनेच्या घरातली आपली खुर्ची तिला आठवली. खिडकीकडं पाठ करून ठेवलेली.

एमिलनं घास घेतला. आधी जिभेखाली, मग डाव्या गालात, मग उजव्या, मग नाकातून हळूच हवा सोडली. डोळे उघडले आणि थेट हुल्डाकडं बघितलं.

"काय म्हंतोस?" लार्सनं विचारलं.

"चव वळखीची हाय."

"वळखीची म्हंजे कशाची?"

एमिलनं तोंड उघडलं आणि मिटलं. सरकीलोणी आहे म्हणावं, तर पुढचा सवाल ठरलेला: तुला रं कशी ठाऊक ती चव? त्यानं उरलेलं कणीस लार्सच्या हातात दिलं. "चेअरमन तू हायेस. तूच सांग."

लार्सनं घास घेतला. चावला. थांबला. त्याच्या कानाच्या पाळ्या तांबड्या झाल्या. त्यानं बायकोकडं बघितलं. बायको तंबूचं छत बघत होती.

"मला तर लोणीच लागतंय," लार्स म्हणाला. "का? तुला काय येगळं लागलं?"

"मला? छ्या! मी काय सरकीलोणी खाल्लंय व्हय कवा?"

"मग मी तरी कुठं खाल्लंय?"

"तू खाल्लंस असं कोण म्हणलं?"

"कुणीच न्हाई."

"मग झालं तर."

"मग झालंच की."

पहिल्या कढईशी रांग पुढं सरकली. ज्यानं त्यानं घास घ्यायचा, अर्ध्यात थबकायचं, डोळ्याच्या कोपऱ्यातून शेजाऱ्याला न्याहाळायचं आणि पुढं चावत राहायचं. कुणी विचारलं, की "बरंय की" म्हणायचं. आमच्याकडं स्वर्गात गेलेला माणूसही याच्यापेक्षा जास्त कौतुक करणार नाही. पाद्रीबाबा मात्र साधा माणूस. तो मोकळेपणी म्हणाला, "का कुणास ठाऊक, रॅग्नाच्या केकाची आठवण झाली." रॅग्नाला असा ठसका लागला, की तिची कवळी कणसात अडकली.

हुल्डा एकेक तोंड बघत होती आणि तिच्या डोक्यात हळूहळू उजेड पडत होता. या काउंटीतल्या बायकांचे दात एवढे कसे किडतात, आणि इलाजाला सगळ्याच शिवेपलीकडं कशा जातात. घराघरांत गाडी भरून खळ येते, आणि एका बाप्याची कॉलर म्हणून ताठ उभी राहत नाही.

एवढ्यात रांग मधूनच फाटली. ओरिन हाउगन चालत आला होता, ओढ्यापलीकडून, एकटाच. गालफडं बसलेली, डोक्यावर टोपी नाही. माणसांनी वाट दिली, पण मानानं नव्हे. भिजलेलं कुत्रं अंग झाडेल म्हणून सरकतात, तशी. केंडल टिडवेलला घाईघाईनं डुकरं दाखवायला घेऊन गेला.

ओरिननं कणीस उचललं आणि पहिल्या कढईशी आला. आत मुंडकं अजून पुरतं विरघळलं नव्हतं. टिडवेलचे गाल वाहून गेले होते आणि खालून ओरिनची हनुवटी वर आली होती, खड्ड्यासकट. ओरिननं वाकून स्वतःचं तोंड बघितलं. कणीस बुडवलं. घास घेतला.

त्याचा जबडा थांबला, तशी सगळी जत्रा थांबली. अख्ख्या काउंटीत या चवीचं नाव घ्यायला मोकळा असा हा एकच माणूस होता. त्याची अब्रू आधीच गेली होती, खाल्ल्याची कबुली टेलिव्हिजनवर देऊन झाली होती. त्यानं एक शब्द काढला असता, तर लार्स गेला असता, एमिल गेला असता, आणि सगळ्यांच्या आधी काचेवरचं नाव गेलं असतं.

"हुल्डाकाकू," ओरिन म्हणाला.

"काय रं?"

"आणखी एक द्या."

"काळजाला झेपंल का तुझ्या?"

"हे चालतं मला," तो म्हणाला. "डॉक्टरनंच सांगितलंय."

सगळ्यांच्या कानांवर पडलं आणि ऐकू कुणालाच आलं नाही. एमिलनं आभाळाकडं बघून पाऊस येईलसं वाटतं म्हणून सांगितलं. आभाळ कोरडं ठणठणीत होतं, तरी लार्सनं होकार भरला. हुल्डानं ढिगातलं सगळ्यात मोठं कणीस निवडलं, कढईत दोनदा बुडवलं आणि ओरिनच्या हातात दिलं. ओरिन बाकड्यावर बसला. जरा वेळानं पाद्री त्याच्याशेजारी जाऊन बसला, मग आणखी एक जण, आणि बोलणं मक्याच्या भावावर आलं.

नोव्हेंबरात पार्टी देशभर आपटली. टिडवेल स्वतःचा कान खातोय तो फोटो छापून आला, पण त्यानं एकही मत हललं नाही म्हणतात. आमच्याकडं मतं कुणाला पडली, ते कुणी कुणाला विचारलं नाही. विचारायची सवयच तेव्हापासून मोडली.

जत्रा कमिटीची बैठक झाली. गारखोली हुल्डाकाकूंकडंच, आणि पुतळा गायीचाच, असं एकमतानं ठरलं. साच्याच्या कारागिराचं नाव निघालं तेव्हा एमिलच उठून म्हणाला, की त्याच्या कामात जिवंतपणा नाही.

पहिला बर्फ पडल्यावर लार्सची बायको हुल्डाकडं आली. हातात खळीचं खोकं. "आमच्यात जास्तीची झाली, काकू," म्हणाली आणि चहाकॉफीला न थांबता गेली. मग मुरांब्यावाल्या दोघीतिघी येऊन गेल्या, प्रत्येकीच्या काखेत खोकं. एमिल स्वतः आला, दारातच उभा राहिला. "कानाला लागंल," एवढंच म्हणाला. हुल्डानं सगळी खोकी कोठीत नेऊन रचली. त्या हिवाळ्यात तिनं एकाही कपड्याला खळ केली नाही.

एक दिवस ती खुर्चीवर येऊन बसली, तर पायाशी आणखी एक खोकं. खुर्चीही खिडकीकडं तोंड करून फिरवलेली. सून भांडी पुसत होती, मान वर न करता.

"हे गं कुठलं?" हुल्डानं विचारलं.

"परवा दाढ दुखत हुती, आत्याबाई," सून म्हणाली.

पुढच्या साली आमच्या लोण्याच्या गायीला पहिल्यांदा पापण्या आल्या.